पेशींच्या पुड्या, सिकलसेल आणि ‘एक्सोसोम’चा बाजार

अलीकडे मोबाईलवर ‘एक्सोसोम’ नावाच्या इंजेक्शनच्या जाहिराती दिसू लागल्या आहेत. गुडघेदुखी, केस गळणे, चेहऱ्यावरचे डाग, मुलांची मंद वाढ, सगळ्यावर एकच उपाय. किंमत मात्र अशी की ऐकूनच छातीत धडधड व्हावी. घरात दुखणे मोठे असले की माणूस दागिना गहाण टाकतो, बचत गटातून कर्ज काढतो आणि असे इंजेक्शन घेऊन येतो. म्हणून या शब्दामागे खरे काय आहे, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

पहिली गोष्ट, ‘एक्सोसोम’ ही थाप नाही. ती आपल्या शरीरात खरोखरच असते आणि तिच्यावर जगभर चांगले संशोधन चालू आहे. दुसरी गोष्ट, या संशोधनाचा एक भाग आपल्या समाजाला फार जवळचा आहे. विदर्भातल्या अनेक बौद्ध कुटुंबांत सिकलसेल हा आजार आहे आणि त्या आजारातल्या वेदनेचा या कणांशी संबंध सापडला आहे. तिसरी गोष्ट, शोध लागणे वेगळे आणि औषध तयार होणे वेगळे. या दोन्हींमधल्या अंतरातच फसवणुकीचा बाजार भरतो.

पेशी पुडी बांधते

आपले शरीर कोट्यवधी पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीभोवती पातळ, तेलकट आवरण असते. या आवरणाचाच छोटा तुकडा फुग्यासारखा सुटून बाहेर पडतो. त्याच्या पोटात पेशीतला थोडा माल असतो: प्रथिने, चरबीचे पदार्थ आणि आरएनए. आरएनए म्हणजे कोणते प्रथिन बनवायचे याची पेशीतली चिठ्ठी. किराणा दुकानदार कागदात थोडी हळद बांधून देतो तशी ही पेशीने बांधलेली पुडी. विज्ञानात तिला ‘एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल’ म्हणतात, म्हणजे पेशीबाहेरची बारीक पिशवी. आपण या लेखात पुडीच म्हणू.

या पुड्या आकाराने अनेक प्रकारच्या असतात. सर्वांत लहान पुड्यांना एक्सोसोम म्हणतात. त्या साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या असतात. आपल्या केसाच्या जाडीत अशा सुमारे हजार पुड्या ओळीने बसतील. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसत नाहीत. रक्त, लघवी, लाळ, आईचे दूध, सगळीकडे त्या असतात. निरोगी माणसातही असतात आणि त्यांची कामेही असतात. जखम झाल्यावर रक्त गोठायला त्या मदत करतात, रोगप्रतिकारक पेशींना शत्रूची ओळख करून देतात.

कचरा नव्हे, निरोप

हा शोध एका दिवसात लागला नाही. १९६७ साली पीटर वुल्फ या संशोधकाला रक्तातल्या प्लेटलेट पेशींमधून बारीक कण सुटताना आढळले. त्याने त्यांना प्लेटलेटची ‘धूळ’ म्हटले. १९८३ मध्ये कॅनडात रोझ जॉनस्टोन यांच्या प्रयोगशाळेने मेंढीच्या आणि अमेरिकेत दुसऱ्या एका गटाने उंदराच्या कोवळ्या लाल पेशींचा अभ्यास केला. लाल पेशी मोठी होताना तिला नको असलेली प्रथिने अशा पिशव्यांत भरून बाहेर टाकते, हे दोघांनाही दिसले. पुढे १९८७ मध्ये जॉनस्टोन यांनी ‘एक्सोसोम’ हे नाव दिले. तेव्हा बहुतेकांचे मत असे होते की हा पेशीचा केरकचरा आहे. घर झाडले, केर बाहेर टाकला, संपले.

१९९६ मध्ये दिसले की रोगप्रतिकारक पेशींच्या पुड्या दुसऱ्या पेशींना कामाला लावतात. २००७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी आणखी मोठी गोष्ट दाखवली. उंदराच्या पेशींनी सोडलेल्या पुड्या त्यांनी माणसाच्या पेशींना दिल्या. माणसाच्या पेशींनी त्यातली चिठ्ठी वाचली आणि चक्क उंदराची प्रथिने बनवली. म्हणजे हा केवळ केर नव्हता. एका पेशीने दुसरीला पाठवलेला तो निरोप होता, आणि दुसरी पेशी तो पाळत होती.

निरोप चांगलाही असतो, वाईटही

औषधाचीही पुडी असते आणि विषाचीही. आत काय बांधले आहे यावर सगळे अवलंबून.

कर्करोगाची गाठ अशा पुड्या भरपूर सोडते. त्या रक्तातून दूर जातात आणि फुप्फुसात किंवा यकृतात उतरून तिथली जमीन आधीच नांगरून ठेवतात. मागून कर्करोगाच्या पेशी येतात आणि तिथे रुजतात. कोणत्या गाठीची पुडी कोणत्या अवयवात उतरणार, हे तिच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांवर ठरते, असे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले. तो जणू पुडीवर लिहिलेला पत्ताच. गाठीच्या काही पुड्या तर आपल्या संरक्षक पेशींनाच थोपवून धरतात.

जंतूही पुड्या सोडतात. क्षयाचा जंतू सोडतो. मलेरियाच्या जंतूने पछाडलेली लाल पेशीही सोडते. म्हणूनच रक्ताच्या किंवा लघवीच्या थेंबातल्या पुड्या वाचून रोग लवकर ओळखता येईल का, यावर काम चालू आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका अजमावण्यासाठी लघवीतल्या एक्सोसोमची एक चाचणी अमेरिकेत वापरातही आली आहे.

सिकलसेलमध्ये काय घडते

आता आपल्या घरच्या आजाराकडे येऊ. विदर्भातल्या आदिवासी समाजांप्रमाणे पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध, समाजातही सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडची आपली माणसे पोटासाठी मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत आली, तिथे हा आजारही त्यांच्यासोबत आला. हा कुणाचा शाप नाही, मागच्या जन्माचे पाप तर नाहीच नाही. ज्या मुलखात पिढ्यानपिढ्या मलेरियाचा कहर होता, तिथे सिकलसेलचा एकच दोषी जनुक असलेली मुले मलेरियातून जास्त वाचली. त्यामुळे हा जनुक टिकला आणि पसरला. दोन्ही आईबापांकडून तो आला की मात्र आजार होतो.

लाल पेशीत हिमोग्लोबिन असते. ते श्वासातला प्राणवायू शरीरभर पोचवते. सिकलसेलमध्ये या हिमोग्लोबिनमध्ये एक बारीकसा बदल असतो. प्राणवायू कमी झाला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात. या काड्या पेशीला आतून ताणतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही बिचारी १० ते २० दिवसांतच फुटते.

आपली पुडी इथेच येते. पेशी वाकडी होताना, पुन्हा सरळ होताना, आणि परत वाकडी होताना तिच्या आवरणाचे तुकडे सुटत राहतात. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तात अशा पुड्या निरोगी माणसापेक्षा कितीतरी जास्त असतात. त्या दोन प्रकारे घात करतात.

पहिला प्रकार रक्त गोठण्याचा. आवरणाच्या आतल्या बाजूला एक चरबीचा पदार्थ असतो, तो निरोगी पेशीत आतच राहतो. पुडीत तो बाहेर येतो. तो बाहेर दिसला की रक्ताला वाटते, कुठे तरी जखम झाली आहे. आणि गरज नसताना रक्त गोठू लागते.

दुसरा प्रकार विषाचा. हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग, त्याला हीम म्हणतात, पेशीबाहेर आला की रक्तवाहिनीला जाळतो. पॅरिसच्या संशोधकांनी २०१५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दाखवले की या पुड्या हीम उचलून नेतात आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात सोडतात. अस्तर बिघडते, वाहिनी आकसते, वाकड्या पेशी तिथे अडकतात आणि रक्ताची वाट बंद होते. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही. रुग्ण रात्रभर हातपाय आणि कंबर धरून तळमळतो, त्यामागे अशी बंद झालेली वाट असते. ते नाटक नसते, कामचुकारपणा नसतो.

या वेदनेचे एकमेव कारण पुड्या नाहीत. वाकड्या पेशी स्वतः चिकट असतात, पांढऱ्या पेशीही गर्दी करतात. पण आगीत तेल ओतण्याचे काम या पुड्या करतात, एवढे आता कळले आहे.

औषध कुठवर आले

पुडी जर निरोप पोचवते, तर तिच्यात आपणच औषध भरून पाठवले तर? हाच विचार संशोधक करत आहेत. २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने उंदराच्या मेंदूपर्यंत अशा पुडीतून उपचाराचा माल पोचवला. मेंदूत औषध शिरवणे फार अवघड असते, म्हणून या प्रयोगाची मोठी चर्चा झाली. २०१४ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी एका रुग्णाचा अनुभव प्रसिद्ध केला. दुसऱ्याच्या मूळ पेशी मिळाल्यावर त्या रुग्णाच्या शरीरावरच उलटल्या होत्या. त्याला मूळ पेशींपासून मिळवलेल्या पुड्या दिल्या, तेव्हा त्रास कमी झाला. स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी औषध भरलेल्या पुड्यांची माणसांवरची चाचणीही सुरू झाली आहे.

एका बाबतीत तर पुडी आधीच वापरात आहे. मेंदूज्वराच्या एका जंतूवरची लस त्या जंतूनेच सोडलेल्या पुड्या वापरून बनवतात. क्युबाने १९८० च्या दशकात अशी लस बनवली, पुढे न्यूझीलंड आणि युरोपातही अशा लसी आल्या. त्यासाठी वर्षानुवर्षे तपासण्या झाल्या, हजारो लोकांवर चाचण्या झाल्या, सरकारी मान्यता मिळाली. मगच ती सुई बाळाला लागली.

पण माणसाच्या पेशींच्या पुड्यांपासून बनवलेल्या एकाही औषधाला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने अजून मान्यता दिलेली नाही. अडचणी खऱ्या आहेत. दर वेळी सारख्याच पुड्या मिळत नाहीत. त्यांच्यात आणखी काय आले, हे पक्के सांगता येत नाही. किती द्यायच्या, किती काळ द्यायच्या, हे ठरायचे आहे. आणि ज्या पुड्या ऊती वाढवतात त्या लपलेल्या गाठीलाही वाढवतील का, हा प्रश्न सुटायचा आहे.

बाजारातली बाटली

डिसेंबर २०१९ मध्ये याच अमेरिकी संस्थेने लोकांना जाहीर इशारा दिला. नेब्रास्का राज्यात एक्सोसोम असल्याचे सांगून विनापरवाना विकलेली उत्पादने घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. जिथे कायदा कडक आहे तिथे हे घडले, तर आपल्याकडे किती सावध राहावे लागेल, याचा विचार करा.

कुणी तुम्हाला किंवा शेजारच्या आजीला असे इंजेक्शन सुचवले, तर न घाबरता पाच प्रश्न विचारा.

१. या औषधाला या आजारासाठी केंद्रीय औषध नियामकाची मान्यता आहे का? कागद दाखवा.
२. हे संशोधन असेल, तर ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये त्याचा नोंदणी क्रमांक काय?
३. संशोधन असेल, तर पैसे का मागता? चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून त्या औषधाचे पैसे घ्यायचे नसतात.
४. आम्हाला समजेल अशा भाषेत लेखी माहिती आणि संमतीपत्र कुठे आहे? त्रास झाला तर खर्च आणि भरपाई कोण देणार?
५. बाटलीवर काय लिहिले आहे? त्वचेवर लावायचे सौंदर्यप्रसाधन सुईने शरीरात तर टोचत नाही ना?

उत्तर टाळले, चिडले, किंवा ‘आजच पैसे भरा, सूट मिळेल’ म्हणाले, तर सरळ उठून या. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी हेच शिकवले: कुणी मोठा सांगतो म्हणून, सगळे मानतात म्हणून मानू नका, स्वतः पारखा, अनुभवाने हितकारक ठरले तरच स्वीकारा. पांढरा कोट आणि काचेचे चकचकीत दार यांनाही ही कसोटी लागू आहे.

आज आपल्या हातात काय आहे

सिकलसेलवर पुड्यांचे औषध उद्या येईलही. पण आज जे आहे, तेही अनेक घरांपर्यंत पोचलेले नाही.

तपासणी : सरकारी दवाखान्यात आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती दोष आहे एवढेच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी करावीच लागते. अहवालात ‘एएस’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, तीत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. आशाताईंना विचारा, आपल्या वस्तीत तपासणी कधी आहे.

लग्न : वाहक माणूस आजारी नसतो. तो शिकतो, राबतो, संसार करतो. पण नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. एक मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असे गणित नाही; दर वेळी फासा नव्याने पडतो. मामे-आते नात्यातल्या लग्नांत हा धोका वाढतो. एक वाहक आणि दुसरा निर्दोष असेल, तर मूल रुग्ण होत नाही. म्हणून सोयरीक ठरवताना पत्रिका नको, दोघांचे सिकलसेल अहवाल पाहा. मात्र हा अहवाल मुलीला नाकारण्याचे हत्यार होता कामा नये. तपासणी मुलाचीही तेवढीच करायची आहे. दोघे वाहक असून लग्न झालेले असेल, तर गरोदरपणाच्या साधारण १० ते १२ आठवड्यांत बाळाची तपासणी करता येते. दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगा.

औषध : हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी कर्करोगातही देतात, म्हणून लोक घाबरतात. पण ती सिकलसेलमध्ये मोलाची आहे. तिच्यामुळे बाळपणीचे चांगले हिमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि पेशी कमी वाकड्या होतात. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात गोळी न घेणाऱ्या रुग्णांना वर्षाला मध्यक ४.५ वेळा वेदनेचे झटके आले, गोळी घेणाऱ्यांना २.५ वेळा. पेशी वाकडी होण्यापासून वाचते तिथे पुढचे सगळे रामायणही कमी होते. गोळी रोज घ्यायची, डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासायचे आणि मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचे. मनाने बंद करू नका. लहान मुलांना पेनिसिलीन आणि न्यूमोनियाची लस द्या. फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, थंडीपासून बचाव, अंगमेहनतीत विश्रांती, हेही उपचारच आहेत.

ताबडतोब दवाखाना : १०१ पेक्षा जास्त ताप, छातीत दुखून धाप लागणे, अचानक पांढरेफटक पडणे किंवा पोट फुगणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, पुरुषांत दुखणारा ताठरपणा तासन्‌तास न ओसरणे. यातले काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका.

हक्क : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्राची चौकशी करा. शाळेच्या गुरुजींनाही आजार सांगून ठेवा, म्हणजे पाणी प्यायला आणि लघवीला मुलाला कुणी अडवणार नाही.

विज्ञानाने एका लाल पेशीच्या तुकड्यापर्यंत जाऊन आपल्या लेकरांची वेदना कुठून येते, हे शोधले. हे ज्ञान आपले आहे, त्याचा आदर करू. पण त्याच ज्ञानाचे नाव बाटलीवर चिकटवून कुणी आपला घामाचा पैसा लुटत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवू. येत्या बुद्ध पौर्णिमेला किंवा १४ एप्रिलला आपल्या विहारात भोजनदानाच्या शेजारी एक टेबल सिकलसेल तपासणीचेही लावता येईल. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राला मंडळाचे एक पत्र पुरे. ते पत्र या आठवड्यातच लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!